गावंडेबाई फोटोत का नाहीत

बिबवेवाडीतल्या गावंडे मेसमध्ये जेवायला लागलेला प्रत्येक नवा पोरगा आठवड्याभरात तो प्रश्न विचारायचाच. आमटीची वाटी तोंडाला लावायची, समोरच्या भिंतीकडे बघायचं आणि म्हणायचं, "काकू, एवढं जग फिरलात, मग तुम्ही एकाही फोटोत का नाही?"

"मी फोटोत गेले तर कॅमेरा काय तुझा बाप धरणार?" मंदाकिनीबाई म्हणायच्या आणि त्याच्या ताटात न मागता पोळी टाकून पुढे सरकायच्या.

उत्तर झकास होतं. पोरं हसायची, ज्यानं विचारलं तोही हसायचा. फक्त ते उत्तर खोटं होतं, आणि हे त्यांच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

भिंत मात्र बघण्यासारखी होती. म्युनिकमधल्या एका घराचा ओटा आणि त्यावर बटाट्याच्या सालांचा ढीग. ओसाकाच्या बाजारात मासळीच्या टोपल्यांमागे बसून डब्यातला भात खाणारी म्हातारी. लंडनच्या कुठल्याशा मागच्या गल्लीत वाळत घातलेली, चक्क आपल्यासारखी, ठिगळांची गोधडी. फोडणीच्या वाफेनं फोटो फुगतात म्हणून सगळे लॅमिनेट करून घेतलेले आणि सरळ खिळ्यांनी ठोकलेले. अधूनमधून ओल्या फडक्यानं पुसले की तेलाचा पिवळा थर निघायचा. त्या भिंतीवर बर्फ नव्हता, घड्याळाचे मनोरे नव्हते. आयफेल टॉवर त्यांनी पाहिला होता, पण फोटो काढला नव्हता. "आपल्या शेतातून हायटेन्शनचे खांब जातात ना, तसलाच. जरा शिकलेला," एवढंच त्याबद्दल त्यांचं मत.

त्यांचा एक नियम होता. ज्या घरात जेवलो नाही, किंवा ज्यांना आपल्या हातचं जेवू घातलं नाही, त्यांचा फोटो काढायचा नाही. ओसाकाच्या त्या म्हातारीनं आधी आपल्या डब्यातला भाताचा गोळा आणि एक आंबटढाण फळ त्यांच्या हातावर ठेवलं, तेव्हा कुठे कॅमेरा पिशवीतून बाहेर आला. मग म्हातारी कमरेत वाकली, म्हणून या वाकल्या, म्हणून ती पुन्हा वाकली. सोबतच्या पोरानं हात धरून ओढून नेलं नसतं, तर दोघी अजून तिथंच वाकत असत्या.

पण हे सगळं फार पुढचं. मंदाकिनीबाईंचं मूळ गाव अकोल्याकडचं. नवरा रंगराव पिंपरीत एका कारखान्यात फिटर होता. एक्क्याण्णव साली तो सकाळच्या पाळीला म्हणून गेला आणि कारखान्याच्या गेटाशीच छातीत कळ येऊन पडला. पूर्णिमा तेव्हा चौदा वर्षांची, सुदर्शन सात. गावाहून रंगरावचे मोठे भाऊ सुखदेव आणि त्यांची बायको मुक्ताई धावत आले. पेरणी तोंडावर असताना सुखदेव दोन महिने शेत सोडून पुण्यात बसले. कारखान्याच्या कचेरीत खेटे घातले, पोरांची शाळा तुटू दिली नाही. हे उपकार मंदाकिनीबाई कधी विसरल्या नाहीत. विसरल्या असत्या तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

पोट भरायला त्यांनी मेस काढली. पुण्यात इंजिनिअरिंग शिकायला आलेली अकोल्याची, यवतमाळची, वर्ध्याची पोरं आमटीतल्या गुळाला कंटाळलेली असायची. त्यांना इथे झणझणीत झुणका आणि ठेचा मिळायचा, वर "काहून रे, जेवत काहून नाही?" असं घरच्या बोलीतलं खेकसणं मिळायचं. बातमी पसरायला वेळ लागला नाही. दारावर पाटी लागली: "येथे वऱ्हाडी जेवण मिळेल. तिखट कमी करा असे सांगू नये." पाटीपुरत्या तरी बाई पुणेकर झाल्या होत्या.

अठ्ठ्याण्णव साली पूर्णिमाचं लग्न झालं. कन्यादान सुखदेव-मुक्ताईंनी केलं, हळद मुक्ताईनं लावली, ओट्या जावांनी-नणंदांनी भरल्या. मंदाकिनीबाई कार्यालयाच्या कोठीघरात लाडवांची परात राखत बसल्या होत्या. त्यांना तिथे कुणी ढकललं नव्हतं. त्या आपल्या पायांनी गेल्या होत्या. आपली सावली लेकीच्या अक्षतांवर पडली आणि तिचं काही वाईट झालं तर? हा विचार त्यांचा स्वतःचा होता. आईनं, आजीनं, गावानं लहानपणापासून भरवलेला, पण आता अंगी लागलेला. पुढे अल्बम आला. जाडजूड, मखमली पुठ्ठ्याचा. त्यात आचाऱ्याचाही फोटो होता, पण मुलीची आई एकाही पानावर नव्हती. पूर्णिमा तो अल्बम घेऊन माहेरी आली, पानं उलटता उलटता एकदम थांबली आणि रडायला लागली. मंदाकिनीबाईंनी अल्बम मिटला आणि तिला चहा टाकायला पाठवलं. तेव्हापासून कुणी कॅमेरा रोखला की त्यांचे पाय आपोआप मागे सरायचे.

एवढ्यात त्यांची पोरं, म्हणजे मेसची पोरं, कंपन्यांमध्ये लागू लागली. काल उधारीवर जेवणारा आज 'ऑनसाइट' निघाला म्हणून पेढे घेऊन यायचा. आनंद ढोरे त्यातलाच. पहिल्यांदा अमेरिकेहून परतला तेव्हा त्यानं काकूंसाठी डिजिटल कॅमेरा आणला, साबणाच्या वडीएवढा. बाईंना तो भलताच आवडला. कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या बाईला कुणी 'तुम्ही सरका' म्हणत नाही, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. बारसं असो, वास्तुशांत असो, त्या आता कोठीघरात बसेनात. कॅमेरा घेऊन थेट मांडवात उभ्या राहायच्या.

मग पोरं बोलवायला लागली. म्युनिकला एकाच्या बायकोचं बाळंतपण होतं आणि दोघांच्याही आयांना व्हिसा मिळेना, तेव्हा काकू गेल्या. सुखदेवांचा गावाहून फोन आला, "बाई माणूस, त्यातून अशी, एकटीच परदेशात? लोकं काय म्हणतीन?"

"लोकं पुण्यात काय म्हणते तेच मले आइकू येत नाही दादा, तिथलं काय आइकू येणार?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि बॅगेत ठेच्याची बरणी चार पिशव्यांत गुंडाळली.

म्युनिकात त्यांनी रविवारी दुपारी मिक्सरवर चटणी वाटली, तर खालच्या मजल्यावरची बाई तणतणत वर आली. तिथे म्हणे रविवारी आवाज करायचा नसतो. बाईंनी तिला आत ओढलं, खुर्चीत बसवलं आणि त्याच चटणीशी गरम धिरडं खायला घातलं. बाईचे कान लाल झाले, नाकातून पाणी आलं, पण धिरडं संपवूनच ती उठली. पुढच्या आठवड्यात तिनं यांना जेवायला बोलावलं. बटाट्याच्या सालांचा तो फोटो तिच्याच ओट्यावरचा. परत आल्यावर बाई सांगायच्या, "माणसं वाईट नाहीत, पण रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्याला उभी राहतात. आपल्याकडे दिवा हिरवा झाला तरी आधी बघावं लागतं. दोघंही आपापल्या जागी येडेच."

अशी त्यांची जगाबद्दलची मतं ठाम आणि बिनदिक्कत होती. कुठलाही देश त्यांना फार थोर वाटला नाही आणि कुठलाही फार परका वाटला नाही. पोर्तुगालनं मात्र त्यांना घायाळ केलं.

आनंद तेव्हा पोर्तो शहरात नोकरीला होता. त्याच्या घरमालकिणीच्या भाचीचं लग्न होतं, जवळच्याच खेड्यात. काकूंनी आदल्या दिवशी घरमालकिणीबरोबर बसून पाटीभर भाजी चिरली होती, तिच्या हातचं कोबी-बटाट्याचं सूप प्यायल्या होत्या, तेव्हा नियमाप्रमाणे कॅमेरा काढायला मोकळ्या होत्या. लग्न लागलं. सगळं गोत चर्चच्या पायऱ्यांवर फोटोला उभं राहिलं. फोटोग्राफर तयार, नवरानवरी तयार, तरी कुणी हलेना. मग दोन बाप्ये एक लाकडी खुर्ची उचलून आणताना दिसले. खुर्चीत एक पिकलेली म्हातारी होती. पायघोळ काळा झगा, काळी शाल, डोक्याला काळा रुमाल. ती घरमालकिणीची आई, नवरीची आजी. खुर्ची बरोबर मधोमध ठेवली. नवरीनं वाकून आजीची शाल नीट केली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. तेव्हा कुठे फोटो निघाला.

"ती काळे कपडे काहून घालते रे?" बाईंनी आनंदला विचारलं.

"नवरा गेला काकू त्यांचा. फार वर्षं झाली. इथे जुन्या बायका मग कायम काळंच घालतात."

म्हणजे इथेही तेच, बाईंच्या मनात आलं. नवरा गेला की बाईचा रंग काढून घ्यायचा, ही अक्कल सगळ्या जगाला एकदमच कशी सुचली कोण जाणे. पण मग ती खुर्ची?

"विचार त्यांना, शुभकार्यात चालते का अशी बाई? नवरीच्या जवळ? मधात?"

आनंदनं विचारलं. घरमालकीण त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं शब्द बदलून पुन्हा विचारलं. तिनं आणखी दोघींना बोलावलं. तिघींनी खांदे उडवले. शेवटी आनंद अपराध्यासारखा म्हणाला, "काकू, त्यांना प्रश्नच कळत नाहीये."

मंदाकिनीबाई पायऱ्यांच्या कडेला मट्कन बसल्या. आपण ज्या प्रश्नाखाली उभं आयुष्य वाकून काढलं, तो या बायांना नुसता समजतही नाही! त्यांना आधी हसू आलं, मग संताप आला. त्या संतापात काढलेला म्हातारीचा फोटो जरा हललेला आहे. तोही त्यांनी लॅमिनेट केला आणि भिंतीवर अगदी मधोमध ठोकला.

यानंतर दोन वर्षांनी सुदर्शनचं लग्न ठरलं. मुलगी सृष्टी, त्याच्याच कंपनीतली, सदाशिव पेठेतली. मुलीची आई पद्मजाताई बोलायला फार गोड होत्या. लग्नाला चार दिवस उरले असताना शेवटच्या याद्या करायला बसल्यावर त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "आमच्याकडे सूनमुख असतं हं. ते आपल्याकडून कोण बघणार?"

लग्न लागल्यावर सासू मध्ये बसते, एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला नवी सून. सासू हातात आरसा धरते, त्या आरशात सुनेचं तोंड पहिल्यांदा बघते आणि तिला साखर भरवते. हे सूनमुख. कोण बघणार, म्हणे! ज्या बाईला मुलाची आई समोर बसलेली दिसत होती तिनं हे विचारलं होतं.

उत्तर सुखदेवांनी दिलं. ते मुक्ताईला घेऊन लग्नासाठी गावाहून आले होते. "मुक्ता पाहीन ना. घरातली मोठी सवाशीण हाय." कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. पद्मजाताईंनी मान डोलावली आणि विषय जेवणातल्या मठ्ठ्यावर गेला.

मंदाकिनीबाईंना वाटलं, सुदर्शन बोलेल. संध्याकाळी मेस आवरताना सुदर्शन आला, ओट्याशी टेकला आणि खरंच बोलला.

"आई, तुला वाईट वाटलं ना? मी विचार केलाय त्याच्यावर. तू फोटो काढ ना सूनमुखाचे! तुझ्याइतके छान कोण काढणार? म्हणजे तू एकदम समोर असशील, क्लोज. मोठे बाबापण खूश, तूपण खूश. बेस्ट सोल्यूशन आहे."

तो हे अगदी प्रेमानं म्हणाला. सुखदेवांचा त्यांना राग आला नव्हता, तो माणूस जुना. हा तर त्यांच्या मेसच्या भिंतीखाली वाढला होता. रोज त्या काळ्या म्हातारीसमोर जेवत होता. आणि यानं जगभर फिरलेला तो कॅमेरा उचलून आपल्या आईला पुन्हा कोठीघरात नेऊन बसवलं होतं, तेही मानानं.

"मी फोटो काढणार नाही," त्या म्हणाल्या.

"अगं, पण का?"

"कारण मी तुझी आई आहे. फोटोग्राफर नाही. सूनमुख मी बघणार."

सुदर्शन गडबडला. आतल्या खोलीतून सुखदेव बाहेर आले, मागोमाग मुक्ताई. सुखदेवांचा आवाज चढला. "जग पाह्यलं म्हणून काय रीत सोडशीन तू? रंगराव गेला तवापासून या घराचं बरंवाईट म्या पाह्यलं. पोराच्या वाइटावर काहून उठली?"

हा घाव वर्मी बसला. कारण भीती होतीच. पोर्तोच्या पायऱ्यांवर संताप आला म्हणून भीती मेली नव्हती. सुदर्शन रोज मोटारसायकलवरून कात्रजच्या घाटरस्त्यानं जातो. उद्या काही झालं तर सगळे एकाच बाईकडे बोट दाखवतील, आणि त्या बाईचं स्वतःचं बोटही तिकडेच वळेल. मंदाकिनीबाईंना हे सगळं क्षणात दिसलं. त्यांनी ओट्याची कड घट्ट धरली.

"दादा, तुमचे उपकार मी विसरली नाही. जन्मात फिटणार नाही ते. पण एक सांगा, रंगराव गेले तेव्हा माझं वय पस्तीस. दोन्ही पोरं मी वाढवली. याला गोवर निघाला तेव्हा रात्रभर मांडीवर मीच घेतला, तेव्हा माझी सावली चालली. याच्या ताटात एवढी वर्षं मीच वाढते, ते अन्न चाललं. मग आता आरशानंच काय घोडं मारलं? पूर्णिमाच्या वेळी मी आपणहून उठून गेली. तुम्ही नाही पाठवलं, मीच गेली. ती चूक माझी. आता नाही उठत."

"मंग आमी मांडवात येत नाही," सुखदेव म्हणाले. "देवकाले कोण बसते ते पाहून घे."

"पूर्णिमा आणि जावई बसतील." मंदाकिनीबाई म्हणाल्या. "राहिले असते तर लई बरं वाटलं असतं, दादा. जायचंच असेल तर अकोल्याची गाडी सकाळी आहे. डबा बांधून देते."

आणि खरोखरच त्यांनी पहाटे उठून भाकरी थापल्या, झुणका परतला, ठेचा कुटला. रडत रडत कुटला, म्हणून तो नेहमीपेक्षा तिखट झाला असणार. सुखदेवांनी डबा घेतला. उपाशी जाण्याइतका त्यांचा राग शुद्ध नव्हता. मुक्ताई मात्र पिशवी खांद्याला लावून दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यात थांबली. "तुमी व्हा पुढं. म्या पोराचं लगन पाहून येईन," ती नवऱ्याला म्हणाली. तिला हे पटलेलं होतं असं नाही. ती मंदाकिनीबाईंशी दिवसभर बोलली नाही, आणि पुढचे दोन दिवसही नाही.

लग्न कात्रज रस्त्यावरच्या एका कार्यालयात होतं. पूर्णिमा आणि तिचा नवरा देवकाला बसले. गुरुजींनी 'दांपत्य आहे ना, झालं तर' म्हणून प्रश्न मिटवला. अक्षता पडल्या. मंदाकिनीबाई मांडवाच्या मधोमध उभ्या होत्या. मोरपंखी रंगाची पैठणी नेसल्या होत्या, कारण रंग परत घ्यायचा तर सगळाच घ्यावा. ओळखीच्या दोन-तीन बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं, ते त्यांना दिसलं. हात मोकळे होते, आणि ते कुठे ठेवावेत हेच त्यांना कळत नव्हतं.

सूनमुखाची वेळ झाली. पाट मांडले गेले. पद्मजाताईंनी चांदीच्या कडांचा आरसा आणून घोटाळल्यागत इकडेतिकडे फिरवला, मुक्ताईकडे बघितलं. मुक्ताई खांबाजवळ उभी होती, पदर तोंडाशी धरून, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत. बहुधा पोराच्या जिवासाठी देवाला विनवत असावी. ती पुढे आली नाही. मंदाकिनीबाईंनी हात पुढे करून पद्मजाताईंच्या हातातून आरसा घेतला आणि मधल्या पाटावर बसल्या. आरशातलं छत हलत होतं. सुदर्शन डावीकडे येऊन बसला. त्यानं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ठेवूनच दिला. उजवीकडे सृष्टी बसली, मुंडावळ्यांच्या आडून घाबरलेली आणि हसू दाबणारी.

भाड्यानं आणलेला फोटोग्राफर तरणा होता, घाईत होता. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला, पुन्हा खाली घेतला. हार, मुंडावळ्या, मळवट सगळं त्याला जागच्या जागी दिसत होतं, कुंकू नसलेली मधली बाई तेवढी त्या चित्रात बसत नव्हती. त्यानं गर्दीकडे वळून हाक दिली, "वरमाईंना बोलवा ना लवकर! वरमाय कुठायत?"

मंदाकिनीबाईंना वाटलं, अजूनही उठता येईल. कोठीघर डाव्या हाताला होतं, दार उघडं होतं.

"वरमाय इथं बसलीय," त्या म्हणाल्या. "काढ फोटो."

आणि त्यांनी आरसा थोडा वर घेतला, थोडा आपल्याकडे कलता केला, सुनेच्या मळवट भरलेल्या कपाळाशेजारी आपलं मोकळं कपाळही त्यात पुरतं येईल असा. मग आरशात डोळे रोखून त्यांनी दोन्ही चेहरे बघितले.